विमानात बाळ झोपवायचं: बॅसिनेट, मांडी की वेगळी सीट?

मुंबई-न्यूअर्क थेट गेलं तरी 15-16 तास लागतात आणि फ्लाइट बहुतेक मध्यरात्रीची, म्हणजे एअरपोर्टवर पोचेपर्यंतच बाळाच्या झोपेचा बोजवारा उडालेला असतो. मी लेकीला दोनदा नेलंय, एकदा 5 महिन्यांची असताना, एकदा 14 महिन्यांची.

बॅसिनेट म्हणजे पुढच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा. त्याला वेगळे पैसे नसतात, फक्त मोजकेच असतात म्हणून तिकीट काढल्या काढल्या फोन करून मागायचा, आणि वजनाची मर्यादाही विचारायची कारण कुठे 10-11 किलो तर कुठे 14. ऐकायला झकास, पण सीटबेल्टचा दिवा लागला की बाळ उचलून मांडीवर घ्यायचं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. आमची पाऊण तास थोपटल्यावर कशीबशी डोळे मिटायची की टिंग! असं चार वेळा झालं, चौथ्यांदा तिच्याआधी मीच रडायच्या बेतात होते. शिवाय त्या सीटचे हात वर होत नाहीत, पुढच्या सीटखालची जागा नाही त्यामुळे टेकऑफला डायपरची बॅग वर टाकावी लागते, आणि शेजारी टॉयलेट असलं तर दार उघडलं की उजेड थेट पाळण्यात. तरी 6-7 महिन्यांच्या आतलं, पालथं न पडणारं बाळ असेल तर मी हाच घेईन, निदान जेवताना हात मोकळे राहतात.

मांडीवर सगळ्यात स्वस्त, 2 वर्षांच्या आत आंतरराष्ट्रीय फ्लाइटला साधारण 10 टक्के भाडं. पण एकटी असाल तर अवघड, कारण तुमचाच डोळा लागला तर बाळ घसरायची भीती, आम्ही दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. बाळ छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये आमची छान झोपते, फक्त हनुवटी छातीला टेकलेली नाही ना ते बघत राहायचं, आणि टेकऑफ-लँडिंगला बाहेर काढायला सांगतात.

वेगळी सीट महाग, बऱ्याच ठिकाणी मोठ्यांच्या भाड्याच्या पाऊणपट. त्यात कारसीट लावायची, विमानात चालेल असं लेबल असलेलीच, आणि बहुतेक खिडकीशीच लावू देतात. सगळ्यात सुरक्षित हेच, अमेरिकेचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं, एफएए, पण हेच सांगतं. 14 महिन्यांच्या बाईसाहेब रोज गाडीत त्याच सीटमध्ये झोपायच्या, विमानातही सलग 5 तास झोपल्या, दिवे लागले-विझले तरी हलवायची गरज नाही. एक वर्षानंतर आणि पैसे जमत असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही. फक्त ती सीट एअरपोर्टभर उचलून नेणं हा वेगळाच व्यायाम आहे.

काहीजण सर्दीचं सिरप देऊन झोपवा म्हणतात, आमच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, काही मुलं त्याने उलट जास्तच चेकाळतात. त्यापेक्षा आईच्या जुन्या साडीचं दुपटं न धुता नेलं होतं, घरचा वास असतो त्याला, आणि दोन्ही वेळा ते कामी आलं.

आणि विमान उतरायला लागलं की दूध पाजा, गिळलं की कान मोकळे होतात. लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी सुरू करा, अगदी शेवटी नको, तोवर आमची किंचाळायला लागली होती.