सिलिंडर की पाइप गॅस?

लालबागला आईकडे अजून लाल सिलिंडर, आमच्याकडे मुलुंडला पाइप. आधण दोन्हीकडे सारखंच येतं. फरक आहे तो गॅसच्या माहेरात.

एलपीजी देशाला निम्म्याहून जास्त बाहेरून आणावा लागतो, तोही मुख्यतः आखातातून. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत खुट्ट झालं की धडधड आईला. घरगुती भाव मात्र दिल्लीत हलतो: ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपये उतरले, मार्च २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या तोंडावर, आणखी १००. ‘निवडणूक आली की सिलिंडर हलका होतो,’ असं आई म्हणते. १४.२ किलो गॅसचं ते धूड खांद्यावरून दोन जिने चढवणारा सिलिंडरवाला नुसता हसतो.

पाइपमधला वायू बराचसा घरचा. मुंबई हाय या भर समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्राचा वायू समुद्राखालून उरणला येतो, आणि देशी वायूच्या वाटपात घरगुती पाइपला अग्रक्रम. पण एप्रिल २०२३ पासून या देशी वायूचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के, वर कमाल मर्यादा. म्हणजे घरचा असूनही नाडी बाहेरच्याच हाती! शिवाय १९७४ साली सापडलेलं मुंबई हाय आता थकलंय.

तरी मी पाइपच घेईन. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलावे लागले, पण तव्यावर भाकरी असताना गॅस संपून शेजारी धावणं सुटलं.