करकरत्या दारामागचा रेमंड

रात्री साडेदहानंतर ओटा आवरताना मी कानात हेडफोन घालून ‘इनर सॅन्क्टम मिस्टरी’ ऐकते. १९४१ ते १९५२ या काळातली ही अमेरिकन रेडिओमालिका. प्रत्येक भागात नवी गोष्ट, पण मला ओढ असते ती सूत्रधाराची.

आधी ऑर्गन. मग दार उघडतं, बिजागरीत वर्षानुवर्षं तेल नसल्यासारखं, अगदी सावकाश. आणि आतून रेमंड एडवर्ड जॉन्सन बोलायला लागतो. मुडदे, कबरी यांवर तो इतक्या प्रेमाने कोट्या करतो, की हसू फुटतं आणि त्याच क्षणी मानेवर काटाही येतो. शेवटी तो ‘गोड स्वप्नं पडोत’ असं लांबवत म्हणतो आणि दार धाडकन बंद! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला डाव खाली पडला होता.

१९४५मध्ये जॉन्सन सैन्यात गेला आणि पॉल मॅकग्रा आला. आवाज उत्तम, पण जॉन्सनचा खट्याळपणा मला त्याच्यात सापडत नाही. कार्यक्रमातच लिप्टन चहाची जाहिरात करणाऱ्या बाई मात्र त्याला छान दटावतात.

निर्माता हायमन ब्राउन याने १९७४मध्ये तेच दार ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’मध्ये पुन्हा उघडलं. तिथला सूत्रधार ई. जी. मार्शल शांत, वडीलधारा. ‘इनर सॅन्क्टम’च्या कथा काही वेळा फारच ताणल्यात, उलगडाही ओढूनताणून. तरी जॉन्सनसाठी पाचपैकी पाच. ध्वनिमुद्रणात खरखर आहे, म्हणून हेडफोन हवाच, आणि दिवा मालवून ऐका.