महिंद्रा ई-टू-ओ : अंग प्लास्टिकचे, दोरी फोनच्या हाती

पुण्यात गेली काही वर्षे मी महिंद्रा ई-टू-ओ ही दोन दारांची विद्युत मोटार वापरत आहे. २०१३ साली बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन थांबले असले, तरी ती वापरलेली घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

या गाडीत भार पेलण्याचे काम पोलादी सांगाडा करतो. त्यावर बसवलेली बाहेरची पॅनेल पत्र्याची नसून प्लास्टिकची आहेत आणि त्यांचा रंग वरून फवारलेला नसून मूळ द्रव्यातच मिसळलेला आहे. सोसायटीत एकदा शेजारची दुचाकी कलंडून डाव्या दारावर आदळली, तेव्हा दार क्षणभर आत दबले आणि पुन्हा जागेवर आले. ब्रेकच्या दांडीचा ओरखडा राहिला खरा, पण त्याच्या तळाशीही तोच रंग दिसत होता, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगचा खर्च वाचला. २०१३ सालीच आलेल्या बीएमडब्ल्यू आय-थ्री या विद्युत मोटारीचा प्रवासी कक्ष कार्बन तंतूंच्या संमिश्राचा होता. तो हलका आणि अतिशय ताठ असतो, परंतु तडकला तर त्याची दुरुस्ती हे खास प्रशिक्षित कारागिरांचे काम आहे. गल्लीबोळांत रोज घासत चालणाऱ्या गाडीसाठी मला प्लास्टिकचा साधा उपायच शहाणपणाचा वाटतो.

फोनवरून बॅटरीची पातळी पाहणे, दारे बंद करणे आणि निघण्यापूर्वी एसी सुरू करणे ही या गाडीची दुसरी सोय. मे महिन्यातल्या दुपारी तिचे मोल कळते. याहून कल्पक म्हणजे ‘रिव्हाइव्ह’: बॅटरीतला थोडा साठा राखून ठेवलेला असतो आणि चार्ज संपून गाडी थांबली, तर ग्राहकसेवेला कळवल्यावर तो दुरून मोकळा करून काही किलोमीटर जाता यावे, अशी योजना कंपनीने केली होती. मात्र या साऱ्या आज्ञा मोबाइलच्या जाळ्यातून गाडीपर्यंत पोहोचतात. आमच्या तळघरात रेंज नाही. तिथे गाडी उभी असताना फोनवरचा आकडा जुना असू शकतो, म्हणून लांब जायचे असल्यास मी गाडीतल्याच पडद्यावर खात्री करतो आणि किल्ली सदैव खिशात ठेवतो.

सामानाला जागा बेताची आहे आणि वेगमर्यादा पाहता द्रुतगती मार्गाचा विचार करू नये. घेताना बॅटरीची क्षमता तपासाच. शिवाय पैसे देण्यापूर्वी गाडीशेजारी उभे राहून मालकाला फोनवरून दार बंद करायला सांगा आणि कुलपाचा खटका ऐकू येतो का, ते पाहा.