फ्लॅग एम-टू बीड्स: काही महिने वापरल्यानंतर

काम एकच होतं: एचईके-293 या मानवी पेशींत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने जनुकाच्या टोकाला थ्री-एक्स फ्लॅग टॅग (प्रथिनाला खूण म्हणून लावायचा छोटा तुकडा, तिप्पट) जोडायचा आणि प्रथिनाची पातळी नैसर्गिकच ठेवून त्याचा कॉम्प्लेक्स, म्हणजे त्याला चिकटलेल्या प्रथिनांचा गट, शाबूत बाहेर काढायचा. फ्लॅगला पकडणाऱ्या एम-टू अँटीबॉडीच्या अ‍ॅगरोज बीड्स यात पैसे वसूल करून देतात. मिलिग्रॅममध्ये माल हवा असेल तर मात्र ट्विन-स्ट्रेप हा दुसरा टॅग बघा. इथे 1 मिली बीड्सना जेमतेम 0.6 मिलिग्रॅम प्रथिन बसतं आणि किंमत डोळ्यांत पाणी आणते.

तरीही बहुतेक जण बीड्स जास्तच घालतात. रिकाम्या राहिलेल्या अँटीबॉडीवर कचरा चिकटतो. 15 सेंटिमीटरच्या पाच-सहा प्लेट्सच्या लायसेटला (फोडलेल्या पेशींच्या द्रावाला) खाली बसलेल्या 20 मायक्रोलिटर बीड्स पुरतात. बफर साधा: 50 मिलिमोलर हेपीस, पीएच 7.5, 150 मिलिमोलर मीठ, 10% ग्लिसरॉल, 0.5% एनपी-40, 2 मिलिमोलर मॅग्नेशियम. पीएमएसएफ (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइम्सना रोखणारं रसायन) ऐनवेळी घाला, पाण्यात ते टिकत नाही. मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए नको, कारण डीएनए तोडणाऱ्या बेन्झोनेझ एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं. आणि बेन्झोनेझ गाळलंत तर डीएनएवर शेजारी बसलेली प्रथिनंही ‘भागीदार’ म्हणून वर येतात. डीटीटी हे क्षपणकारक टाळा, त्याने अँटीबॉडीचे डायसल्फाइड बंध तुटतात आणि जेलवर 50 आणि 25 किलोडाल्टनला तिच्याच साखळ्या दिसू लागतात.

लायसेट सेंट्रिफ्यूजमध्ये 20,000 जी-वर अर्धा तास फिरवा, वरचा तरंगता चरबीचा थर उचलू नका. बीड्सशी बाइंडिंग 4 अंशांवर दोन तास. रात्रभर ठेवल्यास सैल घटक गळतात.

इल्यूशन (बीड्सवरून प्रथिन सोडवणं) थ्री-एक्स फ्लॅग पेप्टाइडनेच, 150 मायक्रोग्रॅम प्रति मिली, अर्ध्या तासाचे दोन हप्ते. साधं एकपट पेप्टाइड तिप्पट टॅगला नीट हटवू शकत नाही. इथे एक मेख आहे: या पेप्टाइडमध्ये तीन टायरोसिन आहेत, त्यामुळे प्रथिनाचा थेंबही नसला तरी नॅनोड्रॉप (प्रकाश-शोषणावरून प्रथिन मोजणारं यंत्र) 280 नॅनोमीटरला सुमारे 0.23 दाखवतो. ब्लँक पेप्टाइडवाल्या बफरचाच घ्या, नाहीतर ‘यील्ड मस्त आली’ म्हणून जेल लावाल आणि सिल्व्हर स्टेनमध्ये (जेलच्या चांदीच्या रंगात) काहीच नसेल.

कंट्रोल टॅग नसलेल्या मूळ पेशींचाच हवा, नुसत्या बीड्सचा चालत नाही. पीआरएमटी-5 आणि त्याची जोडीदार मेप-50 ही एम-टूची नेहमीची बिनबुलाई पाहुणी. सुमारे 70 आणि 40 किलोडाल्टनला इतक्या नीटस पट्ट्या येतात की कॉम्प्लेक्सचे नवे घटक सापडले असं वाटावं. हीट शॉक-70 हे प्रथिन तर ठरलेलंच.

स्रवणाऱ्या प्रथिनांसाठी हा टॅग नको. गॉल्जीत टायरोसिनवर सल्फेट बसलं की एम-टू ओळखच देत नाही.

बीड्स पुन्हा वापरायच्या तर 0.1 मोलर ग्लायसिन, पीएच 3.5, 20 मिनिटांच्या आत, आणि लगेच टीबीएस बफरने धुणं. वेस्टर्न ब्लॉटपुरतं हे चालतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायच्या नमुन्यासाठी नव्याच घ्या.