रेडहम्प की तापाजोस? बेळगाव परिसरातील टाकीसाठी तोंडात पिल्ले सांभाळणारे दोन दक्षिण अमेरिकी मासे

तोंडात अंडी-पिल्ले सांभाळणारा मासा म्हटला की आपल्याकडे चिलापी आठवते, आणि ते योग्यच आहे, कारण खाली दिलेल्या माशांप्रमाणे तीही सिक्लिड या माशांच्या कुळातलीच. मात्र घरच्या टाकीसाठी असाच दक्षिण अमेरिकेतला मासा घ्यायचा विचार करणाऱ्यासमोर प्रामुख्याने दोन पर्याय ठेवावेसे वाटतात. पहिला म्हणजे कोलंबियातील माग्दालेना नदीच्या खोऱ्यातला रेडहम्प, शास्त्रीय नावाने जिओफेगस स्टाइंडाखनरी. दुसरा म्हणजे ब्राझीलच्या तापाजोस नदीतला रेडहेड तापाजोस, ज्याचे जिओफेगस पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नामकरण २०२२ मध्ये, म्हणजे शौकिनांच्या टाक्यांत तो बरीच वर्षे राहून गेल्यानंतर झाले. लहानपणी दोघेही मळकट राखाडी दिसतात, त्यामुळे दुकानातल्या पिशवीतील रंगावरून निवड करणे निरर्थक आहे. निवड करायची ती आपल्या घरचे पाणी, जागा आणि पैदास पाहण्याची हौस कितपत आहे यावरून.

दोघांतला खरा फरक अंडी तोंडात घेण्याच्या रीतीत आहे. रेडहम्पची मादी सपाट दगडावर थोडी थोडी अंडी घालते आणि लगेच मागे वळून ती तोंडात उचलते. नराच्या तोंडाच्या कोपऱ्याशी पिवळसर-नारिंगी ठिपका असतो. तो ठिपका समोर धरून नर थरथरतो, मादी त्याला अंडे समजून चोच मारल्यासारखे करते आणि त्याच वेळी तोंडातल्या अंड्यांचे फलन होते, असे मानले जाते. एवढे झाले की नराचे काम संपते आणि तो दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. मादी साधारण दोन ते तीन आठवडे पिल्ले तोंडात वागवते. या काळात ती जवळपास उपाशी असते, हनुवटीखालची कातडी पिशवीसारखी ताणलेली दिसते आणि तोंड बंद असूनही जबडा सतत चघळल्यासारखा हलत राहतो, कारण आतली अंडी फिरती राहिली तरच त्यांना ताजे पाणी मिळते.

तापाजोसची रीत निराळी आहे. इथे नर-मादीची जोडी जमते, दगडावर किंवा वाळूत खळगा करून अंडी घातली जातात आणि ती उघड्यावरच राखली जातात. दोन-तीन दिवसांनी अंडी फुटली की त्यांतले जीव तोंडात घेतले जातात, आणि हे काम आई-बाप दोघेही करतात. एकाने पिल्ले तोंडातून सोडायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, असा खांदेपालट होत असल्याने मोकळ्या झालेल्याला खाण्याची सवड मिळते. मासा केवळ पाहण्यासाठी हवा असेल तर या देवघेवीइतके सुंदर दृश्य गोड्या पाण्याच्या टाकीत क्वचितच मिळते, आणि केवळ यासाठी तापाजोस घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

परंतु त्याची किंमत वेळेत आणि जागेत मोजावी लागते. तापाजोसमध्ये नर कोणता आणि मादी कोणती हे बाहेरून ओळखणे फार कठीण असते, त्यामुळे सहा ते आठ पिल्ले एकत्र आणून, ती वाढून आपापली जोडी जमवेपर्यंत वर्षभर किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. पूर्ण वाढलेला मासा सुमारे वीस सेंटिमीटरचा असतो आणि तो एकटा ठेवण्याचा मासा नव्हे, म्हणून सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी लागते. तीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि स्टँड धरून वजन आठशे किलोच्या पुढे जात असल्याने शहापूर किंवा अनगोळच्या जुन्या कौलारू घराच्या माडीवर ती ठेवण्याचा विचारही करू नये. रेडहम्पचा नर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, कधी थोडा अधिक वाढतो, त्याच्या कपाळावर तांबूस उंचवटा येतो, मादी त्याहून स्पष्ट लहान राहते, आणि चार बाय दीड बाय दीड फुटांच्या, म्हणजे सुमारे २५० लिटरच्या टाकीत एक नर व तीन-चार माद्या सुखाने नांदतात. एकच मादी मात्र ठेवू नये; नर तिला पळवून पळवून जेरीस आणतो.

आता पाण्याविषयी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी मिळते, आणि पावसाचे साठवलेले पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा सहसा मऊ असते. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीतील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी बरेच जड असते. रेडहम्प मध्यम जड पाणी निमूटपणे सोसतो आणि त्यात पैदासही करतो. तापाजोसची मूळ नदी स्वच्छ, मऊ आणि उबदार पाण्याची, त्यामुळे जड पाण्यात तो जगला तरी पैदाशीची खात्री धरता येत नाही. आरओ दुरुस्तीला येणाऱ्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र असते. त्याच्याकडून घरचे पाणी एकदा मोजून घ्यावे आणि मगच माशांचा विचार करावा. पाण्यातील नायट्रेट वाढलेले तापाजोसला सहन होत नाही आणि डोक्यावर खड्डे पडू लागतात, म्हणून दर आठवड्याला तिसरा हिस्सा तरी पाणी बदलावे लागते. मोठ्या टाकीत हा हिस्सा दोनशे लिटरच्या बॅरलहून जास्त होतो. ज्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे घरातली माणसे याला किती दिवस मान्यता देतील हे ज्याचे त्याने ठरवावे. रेडहम्पच्या टाकीला पाच-सहा बादल्यांत भागते. नळाचे पाणी असल्यास दोन्हीकडे अँटी-क्लोरीन लागतेच.

हिवाळ्याचाही हिशेब करायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगली थंडी पडते. रेडहम्पला २४ ते २७ अंश पुरतात, तापाजोसला २८ च्या आसपास किंवा वर हवे. तीनशे वॅटचा हीटर दिवसातून आठ तास चालला तरी महिन्याला सुमारे ७२ युनिट होतात, आणि गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत वीज योजनेच्या मर्यादेत काटेकोरपणे बसणाऱ्या घराला ही बाब छोटी नाही. खरे तर आपल्या हवेला साजेसा मासा तिसराच आहे: पराना-पराग्वे खोऱ्यातला जिम्नोजिओफेगस बाल्झानी, ज्याला थंड हिवाळा मानवतो, किंबहुना हवाच असतो. पण तो आपल्याकडे सहजी मिळणारा मासा नव्हे, म्हणून बेत त्याच्या भरवशावर आखू नये.

वाळूच्या बाबतीत दोघांत फरक नाही. दोघेही वाळूचा घास घेऊन आतले अन्न टिपतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात. बांधकामाची एम-सँड दगड फोडून केलेली, धारदार कडांची असते आणि ती कल्ले सोलवटते. तेव्हा चाळून, निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली बारीक, गोलसर वाळूच घालावी.

पहिल्यांदा पैदास करणाऱ्याने, तसेच बोअरच्या पाण्यावर असलेल्या प्रत्येकाने रेडहम्प घ्यावा असे माझे मत आहे. मऊ पाणी, तळमजल्यावरची जागा आणि वर्षभर थांबण्याची तयारी हे तिन्ही असेल तरच तापाजोस घ्यावा. रेडहम्पच्या मादीला पिल्ले सोडण्याआधी वेगळ्या, साध्या स्पंज फिल्टरच्या टाकीत हलवता येते, मात्र तेव्हा जाळीने पाठलाग करू नये, नाहीतर ती घाबरून सगळी पिल्ले थुंकून टाकते. तापाजोसच्या जोडीला हलवूच नये. बाहेर पडलेली पिल्ले दोन्ही जातींत लगेच अंड्यातून ताजे निघालेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जलजीव) खाऊ शकतात. रेडहम्पची एक वीण शंभरपर्यंत जाऊ शकते, म्हणून जास्तीची पिल्ले कोण घेणार हे बेळगाव किंवा कोल्हापूरच्या दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे. मार्कंडेय किंवा मलप्रभा नदीत ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवता कामा नये. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी आज जवळपास प्रत्येक तळ्यात सापडते.