‘द गिव्हर’ परत वाचताना सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या बाबाची

लोइस लोरीचं ‘द गिव्हर’ ज्यांनी शाळेत असताना वाचलंय त्यांनी ते आता, स्वतःची पोरं झाल्यावर, परत वाचाच. १९९३ चं पुस्तक, पुढच्या वर्षी न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा पुरस्कार) मिळालं, २०१४ ला पिक्चर पण आला, तो नाही बघितला तरी चालेल. (पुढे सगळं फोडलंय, न वाचलेल्यांनी इथेच थांबा.)

गोष्ट अशी की एका वसाहतीत दुःख नाही, भांडणं नाहीत, रंग नाहीत, डोंगर नाहीत, बर्फ पण नाही, मूल हवं तर अर्ज करायचा आणि बारा वर्षांचं झालं की काम वरून ठरवून मिळणार. जोनासच्या वाट्याला येतं जुन्या जगाच्या आठवणी सांभाळायचं काम, एक म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून एकेक आठवण देत जातो. लहानपणी मी याच भागावर फिदा होते, ती बर्फावरची घसरगाडी, हवेत उडालेलं सफरचंद क्षणभर वेगळंच दिसतं आणि खूप नंतर कळतं की तो लाल रंग होता.

आता मात्र माझं सगळं लक्ष त्याच्या बाबाकडे. तान्ही बाळं सांभाळणं हे त्याचं काम, घरातला सगळ्यात मायाळू माणूस तो, गॅब्रिएल नावाच्या बाळाचं वजन वाढत नाही, रात्रभर झोपत नाही तर खास परवानगी काढून त्याला घरी घेऊन येतो. आणि एकोणिसाव्या चॅप्टरमध्ये हाच माणूस जुळ्या बाळांचं वजन करतो, कमी भरलेल्याच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतो, तेही बाळाशी बोलतात तशा लाडिक आवाजात, मग खोक्यात घालून ते ढकलून देतो आणि बाय-बाय म्हणतो. आधी कळायचं ते एवढंच की बाबा वाईट निघाला. पण तो वाईट नाहीच्चे हो, तो अगदी तसाच प्रेमळ आहे, पुढे गॅब्रिएलला संपवायच्या बाजूने मतही देतो आणि घरी जेवताना ते सहज सांगतो. ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं मी.

जोनासचा मित्र ॲशर, त्याचं पण तसंच. तीन वर्षांचं पोर खाऊ मागताना शब्द चुकतं म्हणून दरवेळी छडी खातं, शेवटी काही दिवस बोलायचंच बंद होतं, आणि हे भर समारंभात गंमत म्हणून सांगतात, सगळे हसतात! तेव्हा मी पण हसले असणार.

लोरीचे वडील सैन्यात होते, त्यामुळे ती लहानपणी टोकियोत अमेरिकन लोकांच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायची आणि सायकल घेऊन गुपचूप बाहेर शिबुया भागात भटकायची. हे तिनेच न्यूबेरीच्या भाषणात सांगितलंय, आणि जोनास शेवटी गॅब्रिएलला घेऊन सायकलवरूनच पळतो ना, म्हणून मला ते फार आवडलं.

खटकलं काय तर आठवणी सांभाळणारं कोणी वसाहतीतून निघून गेलं की त्याच्या आठवणी सगळ्यांकडे कशा परत जातात ते अजूनही पटत नाही, आणि शेवटची पळापळ जरा घाईत उरकलीये. शेवट अर्धवट वाटला तर लोरीचंच २०१२ चं ‘सन’ (Son, म्हणजे मुलगा) घ्या, त्यात गॅब्रिएलच्या जन्मदात्या आईची बाजू आहे आणि आई म्हणून मला त्याची फार गरज होती.

मुलांना द्यायचं तर नक्की द्या, दहा-अकरा वय बरोबर आहे, फक्त एकोणिसावं चॅप्टर येईल तेव्हा घरात जवळपास असा.