डेबियनची ट्रेडमार्क नियमावली: वापरून पाहिल्यानंतरचे मत

वाचनालयातील जुन्या संगणकांसाठी डेबियन या मुक्त संगणक प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) स्टिकर छापायचे होते, म्हणून तिचे नाव आणि चिन्ह कसे वापरावे हे सांगणारी २०१३ सालची ही नियमावली मी शब्दन् शब्द वाचली. डेबियनचे लाल भोवऱ्याचे चिन्ह मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली, आहे आणि टी-शर्ट, टोप्या छापून विकायलाही मुभा आहे. मात्र किमतीतला काही भाग डेबियन प्रकल्पाला देणार असाल, तर तो किती हे ग्राहकाला खरेपणाने सांगावे, अशी शिफारस आहे, जी मला फार मोलाची वाटते. कंपनीच्या किंवा उत्पादनाच्या नावात ‘डेबियन’ हे नाव वापरता येत नाही, आणि ते रास्तच आहे.

छपाईवाल्याने कागदात बसवण्यासाठी भोवरा आडवा ताणला होता. मूळ प्रमाण राखण्याचा नियम दाखवताच त्याने नमुना लगेच सुधारला.

फायरफॉक्सच्या बोधचिन्हावरील अटींमुळे २००६ पासून २०१६ पर्यंत याच डेबियनला तो ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने द्यावा लागला होता, हे आठवले की इथला मोकळेपणा अधिकच जाणवतो. उणीव एकच: ‘गैरसमज होईल असा वापर’ म्हणजे नेमके काय, हे आणखी उदाहरणे देऊन सांगायला हवे होते.